अकराच्या सुट्टीतले मत

मित्रांनो, ऐंशी लिटर पाणी पोटात घेऊन गेली एकोणीस वर्षे मी एकाच भिंतीला पाठ लावून उभा आहे. मी शिलाई कारखान्यातला पाण्याचा जुना कूलर. अंगाने स्टीलचा, दोन नळांचा. डावा नळ थंड पाण्याचा, उजवा साध्या पाण्याचा. उंचीने मी बेताचाच, पण या कारखान्यात माझ्यापुढे वाकल्याशिवाय कोणाचे भागत नाही. मालकाचेसुद्धा.

एका शेडमध्ये पत्रे कापून, वाकवून, सांधे जोडून मला घडवले. ज्या कारागिराने माझ्या टाकीचा शेवटचा सांधा जोडला, त्याने ती काठोकाठ भरली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्यावर नजर ठेवली. एक थेंब गळला नाही. "हा टिकणार," असे म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मी टिकलो.

इथे शाळेचे गणवेश शिवतात. चाळीस मशिनी एकदम सुरू झाल्या की शेजारच्याचे बोलणे शेजारच्याला ऐकू येत नाही. सकाळी अकराला घंटा होते, मशिनी थांबतात आणि दहा मिनिटे सगळे माझ्याकडे येतात. पाणी हे निमित्त. खरी गर्दी व्हायची ती काजवाल्या काकूंसाठी.

काकू शर्टांना काजे करायच्या. बुटक्या, ठसठशीत आणि आवाज असा खणखणीत, की माझ्या पत्र्याला कंप सुटावा. कालची मालिका, टीव्हीवरचा परवाचा सिनेमा, कशावरही त्यांचे मत तयार असे, आणि एकदा दिलेले मत त्या मागे घेत नसत.

"कालचा भाग? सासूबाई आजारी पडल्या म्हणे! काय तो खोकला! असा खोकला तर मी सुट्टी मागताना काढते. आणि ती धाकटी सून. राग आला की आधी वाक्य पूर्ण करते, मग दार आपटते. खरा राग असला की आधी दार आपटतं बाई, वाक्य नंतर येतं."

हसता हसता लोकांच्या हातातले पाणी सांडायचे.

एकदा कटिंग मास्तरांनी विचारले, "ती नवी पोलिसांची मालिका सुरू करू का, काकू?" मास्तर उंच, शांत, मापाने बोलणारे.

"नका करू. इन्स्पेक्टर एकेक प्रश्न दोनदा विचारतो. तीन भागांचं काम तेरा भागांत करतील."

मास्तरांनी मान डोलावली. कोणी रविवारी कुठला सिनेमा बघावा, कुठला सोडावा, हे माझ्यासमोर ठरत असे. त्या वेळी मला वाटायचे, मी नुसते पाणी देत नाही.

मागच्या वर्षी एक नवी बाई आली. ती ओव्हरलॉकवर बसायची, म्हणजे कापडाच्या कडा सुटू नयेत म्हणून शिवायची. तिला सगळे ओव्हरलॉकवाली म्हणत. दर रविवारी थिएटरात जाणारी ही बाई. मते तिलाही होती, पण काकूंपुढे तिचा आवाज पोचत नसे. ते तिला खुपत असावे.

एका सोमवारी काकू आदल्या दिवशी टीव्हीवर लागलेल्या सिनेमाबद्दल बोलत होत्या. "बाकी सगळा पसारा. पण त्या बापाचं काम! शेवटी मुलगी परत येते तेव्हा नुसत्या डोळ्यांनी काय बोललाय तो!"

"डोळ्यांनी?" ओव्हरलॉकवालीने पेला खाली ठेवला. "काकू, त्याचं ऑपरेशन झालेलं असतं. शेवटपर्यंत त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे."

कोणीतरी फिस्सकन हसले आणि सगळेच हसत सुटले.

"म्हणजे न बघताच ठोकून देता होय, काकू!"

काकूंनी ओठ पुसले आणि घंटा व्हायच्या आतच त्या मशीनवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या नाहीत. घरून बाटली आणू लागल्या. लोक येत, पाणी पीत, फोन काढून बाजूला उभे राहत. दहा मिनिटांची सुट्टी चार मिनिटांत संपू लागली. माझेही हाल झाले. दर शनिवारी माझी टाकी घासायचे काम काकूंनी आपणहून अंगावर घेतले होते. ते दुसरे कोण करणार? तळाशी बुळबुळीत शेवाळ धरले, डावा नळ ठिबकू लागला, पाण्याला वास येऊ लागला. मला स्वतःची लाज वाटत होती, पण मी काय करणार?

तिसऱ्या शनिवारी अकराची घंटा झाली आणि काकू बाह्या वर करून, घासणी घेऊन थेट माझ्यासमोर आल्या.

"मला हसलात ना? मग टाकीला कशाची शिक्षा? सरका!" त्यांनी माझे झाकण काढले आणि पाणी सोडून दिले. सगळे गोळा झाले. काकू हात खांद्यापर्यंत आत घालून घासत होत्या.

ओव्हरलॉकवाली पुढे झाली. "काकू, खरं सांगा. तुम्ही तो सिनेमा बघितला नव्हता ना?"

"नव्हता. अडीच वर्षांत मी एकही सिनेमा बघितलेला नाही." घासणी थांबली नाही. "आमच्या ह्यांच्या डोक्याला मार लागला, तेव्हापासून डोळ्यांसमोर चित्रं हलली की त्यांना झटका येतो. टीव्हीवर चादर टाकून ठेवलीय. शेजारीण कानांनी अधू. तिचा टीव्ही आमच्या भिंतीतून लख्ख ऐकू येतो. आम्ही दोघं ऐकतो. दिसतं कसं, ते मी ह्यांना माझ्या मनाने सांगते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तेवढाच विरंगुळा."

"मग ती पट्टी?"

"ऑपरेशन चाललं होतं तेव्हा शेजारणीने मिक्सर लावला! मला काय स्वप्न पडणार?"

या वेळी हसणे वेगळे होते, कारण काकूही हसल्या. मग ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "डोळ्यांचं म्हणाले ते चुकलं, कबूल. पण खोकल्याचं, दाराचं, त्या इन्स्पेक्टरचं सांगितलं, त्यातलं काय चुकलं?"

मास्तर खाकरले. "ती मालिका मी चोरून बघितली, काकू. तेरा नाही, सोळा भाग झाले."

ओव्हरलॉकवालीने काकूंच्या हातातून घासणी घेतली. "सगळ्यांसमोर बोलले, ते चुकलं माझं."

"बोललीस ते बरं केलंस. हसलात ते लागलं."

"मग उद्या दुपारी माझ्याबरोबर चला. थिएटरात."

"आणि ह्यांच्यापाशी कोण बसणार?"

"मी बसतो," मास्तर म्हणाले. "एखादी गोष्ट सांगेन त्यांना."

"तुम्ही? महिन्यातून चार वाक्यं बोलता!"

"ती चारही तिथेच बोलतो."

मित्रांनो, त्या सोमवारी अकरा वाजता माझ्यासमोर जी गर्दी झाली, तशी मी एकोणीस वर्षांत पाहिली नव्हती. शिपाईसुद्धा पेला घेऊन आला.

"आधी मास्तरांचा निकाल," काकू म्हणाल्या. "आमचे हे म्हणतात, माणूस लाखाचा, पण खून कोणी केला ते पहिल्या वाक्यातच सांगून टाकतो."

"चारच वाक्यं होती हो," मास्तर म्हणाले.

"आणि सिनेमा, काकू?"

"सिनेमा बरा. मध्यंतरानंतर घसरला. नायिकेचा आवाज तिचा नाही, दुसरीचा घातलाय, लावा पैज." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पण एका ठिकाणी ती बाई नुसती खिडकीत उभी राहते. बोलणं नाही, गाणं नाही, काही नाही. खूप वेळ. भिंतीपलीकडून मला वाटलं असतं, टीव्ही बंद पडला." त्यांनी पेल्यातले पाणी एका दमात संपवले. "घरी जाऊन ह्यांना ते सांगायला मला अर्धा तास लागला. ह्यांनी मध्ये एकदाही डोळे मिटले नाहीत."

अजूनही रोज अकराला मते होतात आणि भांडणेही होतात. टाकी दर शनिवारी दोघी मिळून घासतात. तुमच्या शाळेत, कचेरीत माझा एखादा भाऊबंद उभा असेल. त्याची टाकी आठवड्याला धुवा, नळ घट्ट बंद करा, तो तुम्हाला वर्षानुवर्षे गार पाणी देईल. आणि त्याच्यासमोर उभे राहून कोणी ठणकावून मत देत असेल, तर चूक जरूर दाखवा. फक्त हसण्याआधी एवढे विचारा, की तुम्ही हे कुठे बसून बघितले.