शब्दाची वाट

तालवादकाने हातातली जाड साखळी पत्र्याच्या बादलीत सोडली आणि थोरली खुर्चीतल्या खुर्चीत दचकली. तिने आजूबाजूला पाहिलं. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. आपल्या पोराने पाहुण्यांकडे बशी फोडावी आणि पाहुण्यांनी ‘असू दे, असू दे’ म्हणावं, तशी ती ओशाळली. कारण ती बादली, ती साखळी आणि हा सगळा खडखडाट तिच्या धाकट्या भावाने लिहिलेला होता.

ऑपेरा म्हटल्यावर तिने मनाशी मखमली पडदे, घेरदार झगे आणि छातीवर हात ठेवून गाणारे धिप्पाड गृहस्थ धरले होते. इथे पडदा नव्हता, झगे नव्हते, आणि गोष्ट असलीच तर ती कुणाला सांगायची नव्हती. काळ्या कपड्यांतले वादक वाद्यं वाजवायची सोडून भलतंच काहीतरी करत होते. एकजण गज उलटा धरून त्याच्या लाकडाने व्हायोलिनच्या तारा खरवडत होता. बासरीवाली नुसतीच फुंकत होती, सुराचा पत्ता नाही. मधोमध साध्या खुर्चीवर गायिका बसली होती आणि तिने अजून तोंड उघडलं नव्हतं. भावाचं आहे, गोड मानून घ्यायचं, असं थोरली घरून ठरवूनच आली होती. पण गोड मानायला आधी काहीतरी तोंडात पडायला हवं ना!

शेजारचे गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या चष्म्याची डावी काडी सैल झाली होती. चष्म्याच्या दुकानात उमेदीची वर्षं घालवलेली ती. असलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे.

“सुरू कधी होणार हो?” तिने हळूच विचारलं.

“निम्मं झालं,” ते डोळे न उघडता म्हणाले.

मग गायिकेने तोंड उघडलं.

“अं...”

सूर लांबला, मध्येच तुटला, पुन्हा धडपडत उठला. तिचा जबडा पुढे आला, ओठ कशाच्या तरी भोवती वळले आणि मोकळेच राहिले. उजवा हात मांडीवर आपटला. मग पुन्हा आपटला.

थोरलीने तो हात ओळखला. हे बाबा होते.

मेंदूचा झटका आल्यापासून बाबांची बुद्धी शाबूत होती, शब्द तेवढे गेले होते. दिवसभर हाच ‘अं’ आणि मांडीवर आपटणारा हाच हात. पाणी हवंय? खिडकी लावू? उशी सरळ करू? ते नाही नाही म्हणून मान हलवत, आणि शेवटी दमले की कशालाही होकार देत. बोलायला शिकवायला यायच्या त्या बाईंनी तिला बजावलं होतं, शब्द पुरवू नका, थांबा, त्यांचा त्यांना सापडू द्या. दुकानात हे तिला पाठ होतं. गिऱ्हाईक तक्त्यावरच्या अक्षराशी अडलं, तर आपण चकार शब्द काढायचा नाही. पण गिऱ्हाईक वेगळं आणि बाप वेगळा. घरचा माणूस एका शब्दासाठी तडफडतोय आणि आपण हाताची घडी घालून बघत बसायचं, हे तिला कधीच जमलं नाही.

धाकटा दूरच्या शहरात. तो रोज संध्याकाळी फोन करायचा. बाबांच्या कानाशी फोन देऊन ती कपडे धुवायला आत जायची. तेवढीच तिला त्यांच्या उशापासून उसंत. बाहेरून ‘अं... अं...’ ऐकू यायचं. पलीकडे गप्प बसायला याचं काय जातं, असं तिला वाटायचं आणि कपड्यांवर राग निघायचा.

एकेक वाद्य थांबत गेलं. आता गायिका एकटीच होती. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, डोळ्यांत पाणी, आणि शब्द काही येत नव्हता. सगळं सभागृह श्वास धरून बसलं होतं. हात मांडीवर आपटला.

थोरली उठून उभी राहिली होती. आपण कधी उठलो, हे तिलाही कळलं नाही.

“पाणी हवंय का?” तिने विचारलं. अगदी घरात विचारावं तसं, खणखणीत.

शेजारच्या गृहस्थांनी डोळे उघडले. गायिकेने तिच्याकडे पाहिलं. क्षणभर तिलाही काय करावं सुचलं नसावं. मग तिने सावकाश नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा सूर धरला. थोरली मटकन खाली बसली. शब्द आलाच नाही. दिवे विझले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाहेरच्या व्हरांड्यात लोकांनी तिला गराडाच घातला.

“तुमची ती जागा काय सुंदर बसवली होती!” एक बाई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या. “तुम्ही कुठं गाता?”

“मी चष्मे विकते,” थोरली म्हणाली.

धाकटा गर्दीतून वाट काढत आला. तिने त्याची बाही धरली आणि त्याला खांबाआड ओढलं.

“बाबांचे हाल तिकीट लावून दाखवलेस? लाज नाही वाटली?”

“वाटली,” तो म्हणाला. “पण ताई, मला दुसरं येतं काय?” त्याने खांबाला पाठ टेकली. “तू उठलीस ना, तेव्हा मला वाटलं, आता ही सांगणार.”

“काय सांगणार?”

“तो शब्द. रोज फोनवर तेवढं एकच काहीतरी सांगायला बघायचे. मी थांबायचो. शेवटी दमून फोन ठेवायचे. तू दिवसभर त्यांच्याजवळ, तुला ठाऊक असणार असं वाटायचं. विचारायचं धाडस झालं नाही. म्हणून शेवट तसाच सोडलाय, मोकळा.”

थोरलीने त्याची बाही सोडली.

“अरे, मला वाटायचं, तुला सांगितलं असेल. निदान तुला तरी.”

त्याने नकारार्थी मान हलवली. आता विचारायचं कुणाला? बाबांना जाऊन वर्ष उलटलं होतं. तिला भडभडून आलं. एवढ्या मोठ्या जगात त्यांचं ते बोलणं दोघांच्याच दारी आलं होतं, आणि दोघंही ते दुसऱ्याकडे पोचलं असेल असं धरून चालली होती.

गायिका घरी जायला निघाली होती. अंगात साधा स्वेटर, खांद्यावर पिशवी. थोरलीला पाहून ती संकोचत जवळ आली.

“माफ करा हं. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी मनानंच नाही म्हटलं. कागदावर तसं काही नव्हतं. उद्याही प्रयोग आहे.” ती धाकट्याकडे बघून पुन्हा थोरलीकडे वळली. “मी हो म्हणायला हवं होतं का?”

“नाही, नाहीच म्हणा,” थोरली म्हणाली. “बाबा दमून हो म्हणाले की मी उठून जायचे.”