पिवळी रेघ

मिस्त्रीच्या घरात दीड वर्षापासून एकही बरणी सरळ उघडत नव्हती. मिठाची बरणी उघडायची तर बायकोला झाकणाच्या कडेवर चमच्यानं ठोकत बसावं लागे. नहाणीतला नळ मिस्त्रीनं बंद केला की पुढच्या माणसानं तो दोन्ही हातांनी सोडवायचा.

"अहो, मीठ काय पळून जाणार आहे? कशाला एवढं आवळता?"

"नीट लावलंय. तुम्हाला कुणाला नीट लावायची सवयच नाही."

बायको कपाळावर हात मारून घेई. खरं काय ते तिला ठाऊक नव्हतं. मिस्त्रीच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. साखरेच्या आजारानं हळूहळू कुरतडली होती. कारखान्यात चौतीस वर्षं त्यानं फिटरकाम केलं. बोल्ट बसला की बोटांना कळतं, तिथं थांबायचं, हे सगळ्या खात्याला त्यानंच शिकवलं. आता त्या बोटांना काही कळत नव्हतं. म्हणून तो आवळतच राहायचा. आणि हे त्यानं डॉक्टर सोडून कुणालाही सांगितलं नव्हतं. घरात तर नाहीच.

अंगणात त्याची जुनी मोटारसायकल आठ महिने उभी होती. इंजिनाच्या पोटाखालचा ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल काढायचा बोल्ट, सुटत नव्हता. शेवटचं ऑइल बदललं होतं ठोक्यानं. ठोक्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान रस्त्यापलीकडे, अगदी समोर. कारखान्यात तो मिस्त्रीच्याच हाताखाली तयार झालेला. पुढल्या वेळी मिस्त्री स्वतः ऑइल बदलायला बसला आणि बोल्ट जागचा हलेना, तेव्हा तो तडक रस्ता ओलांडून गेला. दुकानापुढच्या बाकड्यावर चार गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्या देखत म्हणाला, "बैलासारखं आवळलंय यानं. याच्याकडे सायकलसुद्धा टाकू नका."

ठोक्या एवढंच म्हणाला, "मिस्त्री, मला बोल्ट बघू तरी द्या."

"गाडीला हात लावायचा नाही."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. बाकड्यावरची दोन गिऱ्हाइकं पुढच्या चौकातल्या दुकानात जायला लागली, तीही कायमची. ठोक्यानं कुठं ब्र काढला नाही. आपला हात गेला हे कबूल करण्यापेक्षा मित्र गेलेला परवडला, असा हिशोब पुरुषमाणसं सहज करतात. आणि वर त्याला स्वाभिमान म्हणतात.

त्या रविवारी सकाळी मिस्त्रीच्या लेकीनं जुनी चादर अंथरली आणि गाडीखाली सरकली. तिला गावाबाहेरच्या छापखान्यात काम लागलं होतं. बस तिथवर जात नव्हती. गाडी चालू झाली तर ठीक, नाहीतर रोज तासभर पायपीट.

"बाबा, मी याला दोनदा पाना लावला. आता कोपरे झिजतील. पाइप लावू का पान्याला?"

"खबरदार! इंजिनाचं खालचं घर ॲल्युमिनियमचं आहे. तडकलं तर गाडी भंगारात."

"मग काय करू? मंत्र म्हणू?"

"आधी पूस. बोल्ट दिसल्याशिवाय त्याच्याशी झुंजायचं नाही."

तिनं रॉकेलचा बोळा फिरवला. आठ महिन्यांचं काळं चिकट किटण निघायला लागलं. मध्येच ती थांबली.

"इथं पिवळा रंग आहे. बोल्टच्या माथ्यावर छोटी रेघ, आणि शेजारी इंजिनावर पण एक. पण दोन्ही जुळत नाहीत. मध्ये नखभर अंतर आहे."

मिस्त्रीनं नजर फाटकाकडे वळवली.

"बाबा? ऐकलंत का? कसली रेघ ही?"

"असेल काहीतरी."

"मी समोरच्या काकांना बोलावते. तुमचं भांडण तुम्ही घाला लोणच्यात. मला उद्या कामावर जायचंय." ती उठली, हात पुसले आणि फाटकाबाहेर पडली.

मिस्त्री गुडघ्यावर हात टेकत कण्हत खाली बसला आणि मान वाकडी करून बघितलं.

रेघ कसली ते त्याला शिकवायची गरज नव्हती. त्यानंच ती ठोक्याला शिकवली होती. काम संपलं, बोल्ट बरोबर बसला, की ब्रशनं एक रेघ मारायची, अर्धी बोल्टवर, अर्धी यंत्रावर. नंतर बोल्ट कुणी हलवला तर रेघ तुटते. "माणूस पलटेल, रेघ पलटत नाही," असं तो तेव्हा ऐटीत सांगायचा. आणि इथं बोल्टवरची रेघ आवळायच्या बाजूनं नखभर पुढं सरकली होती. म्हणजे ठोक्यानं आवळून रेघ मारल्यावर मागून कुणीतरी आणखी आवळलं होतं.

कुणीतरी म्हणजे कोण, ते त्याला आठवलं. खरं तर विसरला कधीच नव्हता. गाडी घरी आली त्या संध्याकाळी त्यानं सवयीनं सगळ्या बोल्टांवरून पाना फिरवला होता. दुसऱ्याच्या आवळण्यावर त्याचा कधी भरवसा नव्हता. 'बोटांना कळेपर्यंत' आवळलं होतं त्यानं.

लेकीनं काढून ठेवलेला तारेचा ब्रश चादरीवर पडला होता. चार वेळा घासला असता तर रंग निघून गेला असता. पलीकडे ठोक्या हत्यारांची पेटी बंद करत होता, त्याचा आवाज येत होता. मिस्त्रीनं ब्रश उचलला. बोल्टला टेकवला. तारा टोचतात की नाही हेसुद्धा बोटांना समजेना. चार ओढी, आणि ठोक्या जन्मभर बैल राहिला असता.

फाटक वाजलं. मिस्त्रीनं ब्रश बाजूला ठेवला. रेघ होती तशीच होती.

ठोक्या गाडीखाली पाठीवर आडवा झाला. त्यानं बॅटरी मारली. उजेड रेघेवर थांबला. मग म्हणाला, "पोरी, इंजिन पाच मिनिटं चालू कर. तेल गरम होऊ दे."

इंजिन खोकलं, धुरकटलं आणि चालू झालं. गरम झाल्यावर बंद करून ठोक्यानं सहा कोपऱ्यांचा, टोपीसारखा बसणारा गोटी पाना बोल्टवर दाबून बघितला. मग तो काढून बोल्टच्या माथ्यावर पितळी दांडा टेकवला आणि हातोडीनं दोन ठोके दिले. जोरात नाही, पण सरळ. पुन्हा पाना बसवला. लांब दांड्याला एकच हिसका. 'टक्' असा कोरडा आवाज झाला.

"सुटला," लेक म्हणाली.

काळं तेल परातीत पडायला लागलं. ठोक्यानं आटे बोटानं चाचपले. "आटे शाबूत आहेत. नशीब."

"रेघ बघितलीस?" मिस्त्रीनं विचारलं.

"बघितली."

"मग बोलत का नाहीस?"

"आठ महिन्यांपूर्वी हेच बघू द्या म्हणत होतो. तुम्ही हात लावू दिला नाहीत."

"मी आवळला तो. वरून."

"मला सांगून काय उपयोग, मिस्त्री?" ठोक्या बोल्ट पुसत म्हणाला. "मला तेव्हाच माहीत होतं. बाकड्यावर सांगा."

नवा वॉशर घालून लेकीनं बोल्ट लावला. पाना मिस्त्रीनं मागितलाच नाही. ठोक्या "बस" म्हणाला तिथं ती थांबली. ठोक्यानं पेटीतून पिवळ्या रंगाची डबी काढून ब्रश तिच्या हातात दिला. रेघ जरा वाकडीच आली.

मिस्त्री रस्ता ओलांडून गेला. बाकड्यावर तिघं होते. एकजण समोरच्या चालू स्कूटरचा कान पिरगाळून आवाज ऐकत बसला होता.

"या ठोक्याचा हात बरोबर होता," मिस्त्री म्हणाला. "माझ्या गाडीचा बोल्ट मी आवळला होता."

"आँ?" स्कूटरवाल्यानं विचारलं.

"बोल्ट मी आवळला होता!" मिस्त्री ओरडला. "माझ्या बोटांना आता कळत नाही!"

नेमकी मधेच स्कूटर बंद पडली होती. शेवटचं वाक्य सगळ्या गल्लीनं ऐकलं. बाकड्यावरचा एकजण उगाच चपला घालायला लागला. मिस्त्री माघारी वळला.

फाटकात बायको उभी होती. हातात मिठाची बरणी होती, झाकण अजून तसंच.

"दीड वर्ष मी या झाकणांशी कुस्ती खेळतेय," ती म्हणाली, "आणि हे तुम्ही आधी स्कूटरवाल्याला सांगता?"