घरचा वन्समोर

लटारूभाऊंच्या कानाची गावात फार कीर्ती होती आणि ती पसरवण्यात सगळ्यात जास्त मेहनत लटारूभाऊंचीच होती. तळ्यात मासा उडाला की ते न पाहता सांगत, रोहू आहे का मरळ. पडद्यामागं नट खोकलला की तो कोणत्या कंपनीचा, तेही सांगत. आता मासा काही वर येऊन साक्ष देत नसे आणि खोकणाऱ्याला आत जाऊन विचारायला कोणी रिकामं नव्हतं, त्यामुळे कान कायम बरोबरच निघे. हे सगळं हल्ली ते स्वतःच सांगतात. बल्लारपुराहून नाताळची गाणी ऐकून आल्यापासून माणूस सुधारला असं मात्र नाही हं. पूर्वी बढाई सांगायचे, आता फजिती सांगतात. वेळ तेवढाच घेतात.

मूल तालुक्यातल्या त्यांच्या गावात दिवाळी सरली की नाटकं सुरू होतात ती पार होळीपर्यंत. गाणं आवडलं की मंडपातून ‘वन्समोर’ची हाक उठते आणि ती उठली की गाणाऱ्याला गाणं पुन्हा म्हणावंच लागतं. तिकडचा कायदाच तो. काही कंपन्या मग आपलाच एक माणूस लोकांत बसवून ठेवतात, ठरल्या वेळी ओरडायला. त्याला म्हणायचं घरचा वन्समोर. लटारूभाऊंना त्याचा भारी तिटकारा. ते पहिल्या रांगेत मांडी घालून बसत, डोळे मिटत, आणि एका नाटकात फार तर एक वन्समोर देत. तो आला की कंपनीचा मालक पडद्याआडून हात जोडी, असं लटारूभाऊ सांगतात. दुसऱ्या कोणी ते हात पाहिलेले नाहीत.

या तोऱ्यात त्यांनी एक मोठी चूक केली, आणि ती पोटच्या पोरीच्या बाबतीत केली. उर्वशी चौदा वर्षांची असताना गावच्या शारदोत्सवात गायली. गाणं संपलं तसं सगळ्या मंडपानं लटारूभाऊंकडं पाहिलं. उर्वशीनंही पाहिलं. वन्समोर ओठांपर्यंत आला होता, देवाशप्पथ आला होता. पण लोक म्हणतील, बापानं घरचा दिला. म्हणून त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि चारचौघांत निकाल दिला, "आवाज कच्चा हाये आखीन." पोरगी माईक ठेवून खाली उतरली. त्याला दहा वर्षं झाली. त्यानंतर तिनं घरात भांडी घासतानासुद्धा एक ओळ गुणगुणली नाही. लटारूभाऊंना वाटायचं, कोणत्या तरी दिवाळीला गाईल. दहा दिवाळ्या गेल्या.

पुढं उर्वशी नर्स झाली, बल्लारपुरात नोकरीला लागली, तिथंच खोली करून राहू लागली. आणि एक दिवस तिचा फोन आला. तिच्यासोबतच्या नर्सांनी तिला चर्चच्या गाण्याच्या चमूत ओढलं होतं. रविवारी संध्याकाळी नाताळची गाणी होती.

"बाबा, तुमी अन् आई या," ती म्हणाली. "पन एक गोष्ट सांगतो. तिथी टाळ्या नाई वाजवत. वन्समोर तर बिलकुल नाई. चूपचाप बसजा."

"तुह्या गान्याले मी तोंडातून शब्द नाई काढनार," लटारूभाऊंनी वचन दिलं. फोन ठेवल्यावर त्यांना आधी आनंद झाला आणि मागोमाग भीती वाटली. दहा वर्षांनी पोरीनं आपण होऊन आपलं गाणं त्यांच्या कानाशी येऊ दिलं होतं. या खेपेला आपल्या तोंडानं घाण केली, तर ती पुन्हा कधी गायची नाही, निदान आपल्यासमोर तरी नाही. एवढं त्यांना चांगलं कळत होतं. त्यांच्या बायकोला, आशाबाईंना, तर त्याहून चांगलं कळत होतं. "जीभ घरी ठेवून चाला," त्या म्हणाल्या.

रविवारी दुपारच्या पॅसेंजरनं दोघं बल्लारपुराला पोचले. लटारूभाऊंनी सवयीप्रमाणे चर्चमध्ये पहिला बाक धरला. मांडी घालायला गेले तर गुडघा समोरच्या फळीवर आपटला. मागच्या बाकावर नीलाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. त्यांनी पाय खाली सोडून बसायचं असतं असं हातानंच सांगितलं.

गाणारे आले. सगळे पांढऱ्या कपड्यांत. उर्वशी दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी. गाणं शिकवणारे इसरू सर, अंगानं वाळकेसे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी हात उचलला आणि गाणं सुरू झालं. लटारूभाऊंनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. बाया एका चालीनं चालल्या होत्या, पोरं दुसऱ्या, दोन जाडे गृहस्थ तिसऱ्याच, आणि कोणी कोणाला म्हणत नव्हतं का बाबा, तू चुकून राह्यला. मजा म्हणजे शेवटच्या ओळीला सगळे एकाच जागी येऊन थांबले, तीन वाटांनी गेलेली गुरं सांजेला एकाच गोठ्यात यावी तसे. पुढच्या गाण्यातही तेच झालं. तेव्हा कुठं भाऊंना शंका आली की हे मुद्दाम करून राह्यले. त्यांनी ती शंका ज्ञान म्हणून आशाबाईंच्या कानात सांगितली. आशाबाईंनी त्यांच्या मांडीला चिमटा काढला.

चाली पटल्या, पण लोक काही पटेनात. गाणं संपे आणि चर्चभर शांतता. टाळी नाही, शिट्टी नाही. एक माणूस पुढं येऊन पुस्तकातलं वाचे, त्यानंतरही शांतता. मध्येच सगळे उठून उभे राहत. आपल्याकडं सगळा मंडप एकदम उठला तर समजायचं, एक तर मारामारी झाली नाही तर बैल सुटला. इथं उठत, गात आणि खाली बसत. पोरीनं टाळ्या नसतात म्हणून सांगितलं होतं, तरी आयुष्यभराचा प्रेक्षक पोटात गप्प बसेना. हे नाटक पडलं, त्यांना वाटलं. पोरगी एवढी गाते आहे आणि कोणी ढिम्म हलत नाही. त्यांचा जीव तुटला. पण वचन म्हणजे वचन. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक दातात धरलं आणि उर्वशीची चार गाणी एक शब्द न काढता ऐकली. स्वतःचा असा अभिमान वाटला की विचारू नका.

शेवटी शेवटी दिवे मालवले. गाणाऱ्यांनी मेणबत्त्या पेटवल्या आणि ते रांगेनं बाजूच्या दारातून निघून गेले. उर्वशीही गेली. झालं, भाऊंना वाटलं, पोरीचं काम आटोपलं. त्यांनी दातातला दुपट्टा काढला आणि मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात चर्चच्या मागच्या माडीवरून एक आवाज आला. पेटी नाही, तबला नाही, सोबत कोणी नाही. अंधारात एकट्या बाईचा आवाज. लटारूभाऊंनी कान टवकारले. अच्छा, असं आहे तर. आपल्या नाटकात शेवटच्या अंकाला नागपूरची मोठी गाणारी उतरवतात, तशी यांनीही कोणीतरी मागवली. माघारी वळून पाहायची गरज त्यांना वाटली नाही. मग कान कशाला आहेत?

गाण्यात फार काही नव्हतं. एक आई होती, बाहेर थंडी होती, लेकराला निजवायला जागा नव्हती म्हणून तिनं त्याला गोठ्यात भाताच्या पेंढ्यावर, तणसीवर ठेवलं होतं. तणस लटारूभाऊंच्या ओळखीची. उर्वशी जन्मली ती धानाच्या कापणीत, खळ्यावर, तणसीच्या ढिगापाशी. तिच्या अंगावर घालायला भाऊंचा हाच, नाही तर असाच, एक दुपट्टा होता. आवाज वर चढला, तिथं थांबला, आणि कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही अशा सावकाशीनं खाली आला. लटारूभाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. असं गाणं त्यांनी चाळीस वर्षांच्या नाटकांत ऐकलं नव्हतं. गाणं संपलं आणि चर्च पुन्हा दगडासारखं गप्प. आता मात्र हद्द झाली. पोरीच्या गाण्याला बोलणार नाही असं वचन होतं. नागपूरच्या बाईचा त्यात संबंध नव्हता.

लटारूभाऊ उभे राहिले आणि त्यांनी वन्समोर दिला. मंडपाच्या शेवटच्या खांबाला पोचावा असा दिला. चर्च मंडपाहून लहान, त्यात दगडी. आवाज जाऊन भिंतीवर आपटला आणि परत आला, म्हणजे दोनदा ऐकू गेला. समोर मेणबत्तीच्या उजेडात इसरू सरांचा, पुढच्या गाण्यासाठी उचललेला हात तसाच राहिला. कुठलं तरी पोरगं फिसकन हसलं. माडीच्या जिन्यावरून एक मेणबत्ती खाली उतरत होती. ती मधल्या वाटेनं पुढं आली, लटारूभाऊंच्या बाकाशी आली, आणि तिच्या उजेडात त्यांना तोंड दिसलं. उर्वशीचं. ती बापाकडं न पाहता पुढं निघून गेली.

"आपण सर्वांनी उभं राहू या," चर्चचे पाळक, म्हणजे पाद्री, म्हणाले. लटारूभाऊ आधीच उभे होते. त्यांना बसायचं होतं, आणि जमलं असतं तर बाकाखाली शिरायचं होतं.

नंतर आवारात चहा, केक आणि करंज्या होत्या. लोक बोलत होते. कोणाला मेणबत्त्या आवडल्या, कोणाला मागच्या वर्षीचे जाडे आवाज बरे वाटत होते, कोणी म्हणत होतं वाचन लांबलं. लटारूभाऊ भिंतीकडं तोंड करून करंजी खात होते. नीलाबाई काठी टेकत आल्या. "तीस वर्सं झाले, मी इथी बसून राह्यली," त्या म्हणाल्या. "कितीकदा वाटलं आखीन एकदा म्हना. हिंमत नाई झाली." इसरू सरही आले. "भाऊ, पुढच्या वर्षी जरूर या," ते म्हणाले. "मागच्या बाकावर बसा."

मग उर्वशी आली. भाऊंनी करंजी खिशात घातली.

"तुमाले म्हनलं होतं ना मी, बाबा."

"तुह्या गान्याले नाई देला," ते म्हणाले. "मले वाटलं, नागपूरची बाई होय. तुहा आवाज मी ओळखलाच नाई." बोलून गेल्यावर त्यांना कळलं की हे वन्समोरपेक्षा वाईट झालं. गावभर खोकला ओळखणारा माणूस, आणि पोटच्या पोरीचा आवाज ओळखला नाही. ओळखणार कुठून? दहा वर्षं ऐकू येईल असं काही ठेवलं होतं का त्यांनी?

उर्वशी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिली. "खरंच नाई ओळखलं?"

"तुही शपथ."

"मंग तो घरचा नोहे," ती म्हणाली. पदरानं डोळे पुसून ती आणखी एक कप चहा आणायला गेली, आणि आणला तो बापासाठी.

खोलीकडं चालत जाताना उर्वशी पुढं होती, मैत्रिणींसोबत. लटारूभाऊ बायकोजवळ सरकले. हळूच म्हणाले, "आवाज असा बदलला का कोनालेच समजला नसता. तुले तरी समजला का?"

"पहिल्या ओळीत," आशाबाई म्हणाल्या.

"मंग सांगतलं काऊन नाई? एवढी फजिती तरी टळली असती."

"पोरगी गाऊन राह्यली होती, अन् तुमी आइकून राह्यले होते," त्या म्हणाल्या. "दहा वर्सं वाट पायली मी त्याची. मधात कायले बोलू?"

पुढं चालताना उर्वशी मैत्रिणींना काहीतरी सांगत होती आणि मध्येच दोन ओळी गुणगुणत होती. या खेपेला लटारूभाऊंनी आवाज ओळखला, आणि दुपट्ट्याचं टोक दातात धरून ते खोलीपर्यंत चालत गेले.