गाठ न मारलेला दोरा

"येशू तर यहुदी होता ना, मग त्याला आंघोळ न घालताच कसं पुरलं?"

हा प्रश्न विचारायची पैज वर्गातल्या जियादा आणि लेतिझियाने माझ्याशी लावली होती. येशूचं कफन म्हणून आमच्या तुरीन शहरात जे कापड जपून ठेवलंय, त्याची प्रत बघायला आमचा वर्ग संग्रहालयात गेला होता. वर्गात यहुदी आम्ही दोघीच, मी आणि माझी चुलत बहीण मिकोल. माहिती सांगणाऱ्या बाई रक्ताच्या डागांबद्दल बोलत होत्या, तेवढ्यात मी खणखणीत आवाजात विचारलं. आमच्यात प्रेताला आधी नीट धुतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाई गडबडल्या. मी म्हणजे हवेतच.

मग मिकोल, जी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत देते, ती हळूच म्हणाली, "ज्याला मारून टाकलंय त्याला धूत नाहीत. वाहिलेलं रक्त हेही त्याचंच. ते त्याच्याबरोबर पुरायचं असतं."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. लेतिझिया तिच्याकडे बघतच राहिली. माझी पैज, माझा प्रश्न, आणि कौतुक हिचं!

हे तिला कळलं कुठून, ते मला माहीत होतं. एर्नेस्ता आत्या आणि तिच्या मैत्रिणी दर रविवारी आमच्या समाजातल्या मेलेल्यांसाठी लिननचे पांढरे कपडे शिवतात. हिवाळ्यात आत्याने मिकोलला बोलावलं, मला नाही. मी दोनदा विचारलं, तर म्हणे, "तिथे गप्प बसून शिवतात. तुला जमेल तेव्हा ये." मिकोल माझ्याहून तीन आठवड्यांनी लहान आहे!

त्या रविवारी मी न बोलावता गेले. मिकोलच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढली, एक बाही उचलली आणि तिच्याआधी शिवून संपवली. शेवटी घट्ट दुहेरी गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि बाही सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

सगळ्यांचे हात थांबले. मिकोलचे कान लाल झाले, तेही माझ्यासाठी. त्याचा मला आणखीच राग आला.

"या कपड्यांना गाठ मारत नाहीत, दिनोरा," आत्या म्हणाली. "गेलेल्याला कशानेही बांधून ठेवायचं नसतं."

मी विचारलं, "मिकोलने कधी मारली होती का?"

"पहिल्याच दिवशी, तीन. तिन्ही तिनेच सोडवल्या." आत्याने सुई माझ्या हातात दिली.

माझी एक गाठ सुटायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात मिकोलने अख्खी बाही शिवली, टाके तांदळाच्या दाण्यांसारखे एकसारखे. मी ते जळफळत मोजले, पण मोजता मोजता पाऊण तास एक शब्दही बोलले नाही. निघताना आत्याने माझी खुर्ची भिंतीला लावली नाही. होती तिथेच राहू दिली.

रात्री जेवताना मी सांगून टाकलं, "आई, बाबा, यापुढे रविवारी मी व्हॉलीबॉलला जाणार नाही. आत्याकडे शिवायला बसणार, मिकोलच्या शेजारी, तोंड बंद ठेवून. आणि माझे टाके तिच्याहून बारीक येईपर्यंत उठणार नाही."