पाध्यांची चिठ्ठी

मैदानाच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात तीन अनोळखी माणसं फीत धरून काहीतरी मोजत होती, आणि क्लबचा सेक्रेटरी संग्रामसिंह जगदाळे स्वतःच्या हातानं त्यांना चहाचे कप नेऊन देत होता. भालचंद्र पाध्यांनी कपडे बदलायच्या शेडमधून हे पाहिलं आणि त्यांच्या हातातली कात्री थांबली. संग्रामसिंह कुणाला फुकट चहा पाजतोय म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, यात त्यांना शंका नव्हती.

"काका, पट्ट्या," समोर बसलेल्या शंतनूनं दोन्ही हात पुढे करून आठवण करून दिली.

पाध्यांनी चिकटपट्टीचे आठ तुकडे आधीच कापून बाकाच्या कडेला ओळीनं चिकटवून ठेवले होते. शंतनू गोलकीपर. प्रत्येक सामन्याआधी अंगठे सोडून त्याच्या आठही बोटांना पट्टी लागायची, आणि ती पाध्यांनीच बांधायची. सात वर्षांत एकदाही यात खंड पडला नव्हता. एकदा पाध्यांना ताप होता, तर हा पठ्ठ्या स्कूटर काढून दाना ओली मोहल्ल्यात त्यांच्या घरी आला आणि अंथरुणाशी बसून पट्ट्या बांधून घेऊन गेला.

पाध्ये म्हणजे लष्कर स्पोर्टिंग या फुटबॉल क्लबचे डॉक्टर. आता खरे डॉक्टर ते नव्हतेच. सरकारी इस्पितळाच्या हाडांच्या वॉर्डात प्लास्टर घालण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. पण एकतीस वर्षं क्लबचा प्रत्येक गुडघा आणि घोटा त्यांच्या हाताखालून गेलेला. त्यांचे आजोबा सरदारांच्या घरी मुहूर्त काढून देत. नातवाच्या नशिबी चिठ्ठी आली. खेळाडू दुसऱ्या क्लबात जायचा झाला की पाध्ये त्याला तपासून दोन ओळी लिहून देत, आणि घेणारा क्लब त्या दोन ओळींवर डोळे मिटून भरवसा ठेवी. चिठ्ठी वाईट असली तर पुढे कुणी चौकशीसुद्धा करत नसे. सख्ख्या भाच्याचा घोटा त्यांनी एकदा नापास केला होता. बहीण दोन वर्षं भाऊबीजेला आली नाही, पण चिठ्ठी बदलली नाही.

त्या वर्षी मात्र चिठ्ठ्या फार मागितल्या जात होत्या. दिवाळीनंतर विहंग गेला, ज्याच्या पायातून संघाचे निम्मे गोल निघत. डिसेंबरात मधल्या फळीतला हेमेंद्र गेला. दोघांचेही गुडघे ठणठणीत होते, आणि पाध्यांनी तसं लिहून दिलं. प्रदेश लीगमध्ये दहा संघ, शेवटचे दोन खाली जाणार. स्पोर्टिंग तिसऱ्या जागेवरून घसरत घसरत सातव्या जागेवर आलं. आणि अशा वेळी हा माणूस मैदान मोजून घेतो!

पाध्यांनी जेवता जेवता बायकोला सगळा हिशोब जुळवून सांगितला. मैदानाचा भाडेपट्टा क्लबला मिळालाय तो वरच्या लीगमध्ये खेळतो म्हणून. खाली घसरला की पट्टा रद्द. पट्टा रद्द झाला की जमीन मोकळी. हरिशंकरपुरमच्या बाजूला जागेला काय भाव आलाय, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. म्हणून चांगली पोरं विकायची आणि संघ मुद्दाम बुडवायचा.

"मग विचारा ना त्यांना सरळ," शरयूबाई पोळी वाढत म्हणाल्या. "जगदाळे काय वाघ आहेत?"

"चोराला विचारून चोरी कळते होय?"

"न विचारताही कळत नाही," बाई म्हणाल्या, आणि ताटात भाजी वाढून मोकळ्या झाल्या. पाध्यांना बायकोचा राग आला. या बाईला जगात कुणी वाईट आहे असं वाटतच नाही, असं त्यांचं जुनं मत होतं.

त्यानंतर त्यांना जिकडेतिकडे दिसू लागलं. कोच संग्रामसिंहाशी हळू आवाजात बोलला की पाध्ये कान टवकारत. संग्रामसिंहाच्या पायात नवे बूट दिसले की ते कुठून आले, याचा विचार करत. मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारा माणूससुद्धा त्यांना सामील वाटू लागला. बरं, विचारायचं तर कुणालाच नाही. पाहायचं, मनात ठेवायचं आणि आतल्या आत शिजवायचं.

जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत एका सकाळी संग्रामसिंह शेडमध्ये आला. मफलर सोडत म्हणाला, "पाध्येसाहेब, एक चिठ्ठी हवी होती. शंतनूची. गोव्याच्या क्लबाचं बोलावणं आहे. आज शामपर्यंत होऊन जाईल तर बरं."

गोलकीपर गेला म्हणजे संपलंच. आता यांना लाजही उरली नाही, असं त्यांच्या मनात आलं. तोंडानं ते फक्त "बरं" म्हणाले.

त्यांनी शंतनूला तपासलंही. खांदे घोड्यासारखे. दोन्ही हात वर, मागे, गोल फिरवून पाहिले. कुठं कट् नाही की कुट् नाही. मग घरी येऊन कागद घेतला आणि लिहिलं: उजवा खांदा सैल आहे. जोरात पडल्यास निखळण्याचा संभव. खाली सही. एकतीस वर्षांतली पहिली खोटी चिठ्ठी, आणि ती एका दमात लिहून झाली, याचं त्यांना पुढं फार दिवस नवल वाटत राहिलं. क्लब वाचवायला एक खोटं बोललो, तर देव काही सुळावर देत नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

गोव्याचं बोलावणं फिस्कटलं. दुसऱ्या दिवशी शंतनू दाना ओलीतल्या घरी आला. पाध्ये मनातून तयारीत होते. पोरगं भांडेल, दुसऱ्या डॉक्टरकडे जातो म्हणेल. शंतनू भांडला नाही. शरयूबाईंनी दिलेले पोहे पुढ्यात ठेवून तो नुसता उजवा खांदा डाव्या हातानं चाचपत बसला.

"काका, मला कधी जाणवलंच नाही."

"सुरुवातीला जाणवत नाही," पाध्ये म्हणाले. हे दुसरं खोटं.

"बच गया मैं. गोव्यात जाऊन निखळला असता, तर तिथं मला कोण विचारणार होतं? तुम्ही होतात म्हणून पकडलंत." आणि तो वाकून पाध्यांच्या पाया पडला. पोहे तसेच ठेवून गेला. त्या दिवशी पाध्येही जेवले नाहीत, आणि शरयूबाईंनी एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहून ताट उचललं.

इथवर पाध्यांचं जमलं होतं. पुढं जे झालं ते त्यांच्या कोणत्याही हिशोबात बसलं नव्हतं. शंतनूनं चिठ्ठीवर विश्वास ठेवला होता. पाध्यांनी लिहिलंय म्हणजे खांदा सैल आहेच. त्यात विचारायचं काय? फेब्रुवारीच्या पहिल्याच सामन्यात चेंडू त्याच्या उजवीकडे खाली आला. शंतनूचे पाय निघाले, अर्ध्यात थांबले, आणि चेंडू जाळीत गेला. तसाच दुसरा. पाच सामन्यांत नऊ गोल, त्यातले सात उजवीकडून. लोक म्हणायचे, विहंग आणि हेमेंद्र गेल्यावर दुसरं काय होणार? मार्च संपता संपता इतर संघांनाही वास लागला, आणि ते नेमके तिकडेच मारायला लागले.

खरं कारण एकट्या पाध्यांना ठाऊक होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. शंतनू रोज इमानेइतबारे त्यांच्याकडून खांदा शेकून घ्यायचा. निकोप खांद्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसताना पाध्यांना पोराच्या डोळ्यांत पाहवत नसे. खरं सांगावं तर चिठ्ठीची अब्रू जाते, न सांगावं तर क्लब जातो. आणि तरीही ते स्वतःला बजावत, मूळ पाप त्या जगदाळ्याचं आहे.

शेवटचा सामना चार दिवसांवर आला. स्पोर्टिंग नववं. हरलं की खाली, बरोबरी साधली तरी एका गुणानं वर. त्या दिवशी पाध्ये मैदानावर आले, तर फितीनं मोजलेल्या कोपऱ्यात मजूर पाया खणत होते. झालं! पाध्यांचा इतक्या महिन्यांचा दाबलेला संताप उफाळून आला. ते तरातरा संग्रामसिंहासमोर जाऊन उभे राहिले.

"किती प्लॉट पाडलेत?"

संग्रामसिंहाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो रागावला नाही. त्यानं खिशातून चौघडी झालेला कागद काढून दिला. लीगचं पत्र होतं, ऑक्टोबरमधलं. खेळाडूंसाठी दोन पक्क्या खोल्या आणि मैदानाला भिंत नसेल, तर पुढच्या वर्षीपासून क्लबाचं नाव यादीतून काढलं जाईल. मोजणारी माणसं लीगनंच पाठवलेली.

"मॅच हरून खाली गेलो तर पुन्हा वर येता येतं हो," संग्रामसिंह म्हणाला. "नाव कटलं तर कुठून येणार? दोन पोरं विकून खोल्या होतात तर होऊ द्या म्हटलं. बोललो असतो तर बाकीची आधीच पळाली असती."

"आणि शंतनू?" पाध्यांनी विचारलं.

"त्याला मी कुठं विकत होतो? तोच तीनदा येऊन म्हणाला, मला जाऊ द्या. सत्ताविसावं चालू आहे त्याला, अब नहीं तो कब? मी म्हटलं जा बाबा. पण नशीब नव्हतं त्याचं." संग्रामसिंहानं पत्राची पुन्हा चौघडी केली. "दुसऱ्या कुणाची चिठ्ठी असती ना, तर मी फाडून फेकली असती. तुमची होती."

पाध्ये फूलबागेपर्यंत चालत गेले आणि तिथल्या बाकावर दुपारभर बसून राहिले. शरयूबाईंचं वाक्य त्यांना आठवलं. विचारायला काय लागलं असतं? एक प्रश्न. तो विचारायचा सोडून आपण एका पोराचा उजवा हात काढून घेतला. त्यांना स्वतःची शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या आधी त्यांनी शंतनूला बाजूला घेतलं आणि सांगितलं की खांदा बरा आहे, पहिल्यापासून बराच होता.

शंतनू हसला. "काका, टेन्शन मत लो. तुम्ही मला हिंमत द्यायला म्हणताय. मी जपून खेळेन."

"अरे, खरं सांगतोय."

"तुम्ही आणि खोटी चिठ्ठी?" शंतनूनं त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "कुणीही मानेल का?" आणि तो हातमोजे चढवत निघून गेला. आयुष्यभर कमावलेला विश्वास असा आडवा आला होता. खरं बोललं तरी कुणी ऐकेना.

तेव्हा पाध्यांनी जे येत होतं ते केलं. घरी येऊन कागद घेतला. लिहिलं: शंतनूचा उजवा खांदा निकोप आहे. जानेवारीतली माझी चिठ्ठी खोटी होती, आणि तो इथेच राहावा म्हणून मी ती जाणूनबुजून लिहिली. सही केली, तारीख घातली, आणि शरयूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "जाऊन त्याच्या हातात द्या. कुणाबरोबर पाठवू नका."

शंतनूनं चिठ्ठी उभ्या उभ्या वाचली. मग पुन्हा वाचली. पाध्ये वाट पाहत होते, की पोरगं ओरडेल, कॉलर धरेल, काहीतरी करेल. त्यानं उजवा हात सावकाश वर नेला, मागे नेला, गोल फिरवला, जणू कुणा दुसऱ्याचा हात परत मिळालाय. डोळे भरले होते त्याचे. कागद घडी करून त्यानं खिशात घातला.

"गोव्यात आता दुसरा आलाय," तो म्हणाला, आणि वळला.

एप्रिलच्या उन्हात सामना झाला. पाध्ये दोन तास आधी शेडमध्ये आले, कात्री काढली, आठ पट्ट्या कापल्या आणि बाकाच्या कडेला ओळीनं चिकटवल्या. संघ आला. एकेकाचे घोटे बांधून झाले. शंतनू पलीकडच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्यानं बाजारातून चिकटपट्टीचं रीळ आणलं होतं, आणि दातानं तोडून तोडून तो स्वतःची बोटं बांधत होता. उजव्या हाताची पट्टी डाव्या हातानं नीट बसत नव्हती. सुटली की तो पुन्हा बांधायचा. पाध्ये एकदा अर्धे उठले आणि परत बसले.

मध्यंतरानंतर पंधराव्या मिनिटाला तो फटका आला. उजवीकडे, खाली, जोरात. सगळ्यांना माहीत होतं तिकडेच येणार. शंतनू पूर्ण लांब होऊन झेपावला, बोटांच्या टोकांनी चेंडू खांबाबाहेर ढकलला आणि धाडकन उजव्या खांद्यावरच पडला. पाध्ये सवयीनं बॅग घेऊन धावले. ते रेषेपर्यंत पोचायच्या आत शंतनू उठून उभा राहिला होता. त्यानं त्यांच्याकडे न पाहता उजवा हात वर केला. गरज नाही.

सामना बरोबरीत सुटला. स्पोर्टिंग वर राहिलं. संग्रामसिंह रडत होता, पोरं शंतनूला खांद्यावर घेऊन नव्या खोल्यांच्या पायाभोवती नाचत होती. पाध्यांनाही आनंद झाला, अगदी मनापासून झाला. संग्रामसिंहानं त्यांना मिठी मारली. मग थोडा लांब होऊन, खाली पाहत म्हणाला की शंतनूनं त्याला कागद दाखवलाय. पुढच्या वर्षीपासून चिठ्ठी इस्पितळातल्या डॉक्टरांकडून घेऊ. पाध्ये म्हणाले, "तेच बरोबर आहे."

शेड रिकामी झाली. पाध्यांनी कात्री, कापूस, मलमाची बाटली एकेक करून बॅगेत भरली. बाकाच्या कडेला आठ पट्ट्या तशाच होत्या, सकाळपासूनची धूळ चिकटून कडा मळलेल्या. त्यांनी पहिली सोडवली, मग दुसरी. आठही झाल्यावर त्यांची गुंडाळी करून त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली, बॅग उचलली आणि बाहेरचा गलबला ओसरायची वाट पाहत दाराशी उभे राहिले.