नवं अस्तर, जुना चोरखिसा

मी एक इंग्रजी क्रियापद बोलतोय. दचकू नका, चावत नाही! नाव रीलाइन. आतलं झिजलेलं अस्तर काढून नवं लावणं, एवढंच माझं काम.

माझं मूळ जवसाच्या रोपात. त्याच्या धाग्याचं कापड, म्हणजे लिनन, कपड्यांना आतून लावायचे. त्यावरून अस्तर लावण्यालाच ‘लाइन’ म्हणू लागले. मग लॅटिनच्या घरून ‘री’ आला, म्हणजे ‘पुन्हा’, आणि थेट माझ्या पुढ्यात बसला. थोरल्या जावयासारखा! कागदावरची रेघ, म्हणजे दुसरी ‘लाइन’, तीही माझ्याच नात्यातली. पण ती चारचौघांत मिरवते, मी आपला आत.

गाडीच्या ब्रेकला नवे लायनर बसतात, भट्टीच्या आतल्या विटा बदलतात, जीर्ण चित्रामागे नवं कापड चिकटतं, तिथे मीच असतो. हल्ली मात्र फाटलं की लोक फेकतात. मी शब्दकोशात घोरत पडतो.

परवा एका शिंप्याच्या दुकानात जाग आली. एक मुलगी वारलेल्या वडिलांचा कोट घेऊन आली होती. दुसऱ्या दिवशी तिची पहिली नोकरी सुरू होणार होती, आणि तिला तोच घालून जायचं होतं.

“अगं, आतून लक्तरं झालीत. नवा घे की!” सोबत आलेली आत्या म्हणाली.

“नको ना गं.”

शिंप्याने टराटरा अस्तर उसवायला घेतलं. मुलगी किंचाळलीच, “अहो मास्तर, बाबांचं काहीच उरणार नाही!”

“ताई, हेच नव्या कापडावर ठेवून त्याच मापाने कापायचं असतं. जसं होतं तसंच येतं.”

इतक्यात बगलेखालच्या एका चोरखिशातून पेपरमिंटच्या गोळ्या टपाटप पडल्या.

“बघ, बघ! साखर वाढली म्हणून मी दादाला फिका चहा पाजायचे, आणि हा लबाड!” आत्या हसता हसता डोळे पुसू लागली.

“मग हा खिसा नको ना?” शिंप्याने विचारलं.

“हवा!” दोघी एकदम ओरडल्या. मीसुद्धा दचकलो.

संध्याकाळी कोट तयार झाला. नव्या अस्तरात, बगलेखाली, खिसा जिथल्या तिथे. आत्याने नव्या गोळ्या आणल्या होत्या. “साहेबापुढे घसा सुकला तर असू दे,” म्हणत तिने त्या खिशात सारल्या आणि एक गुपचूप स्वतःच्या तोंडात टाकली.

तेव्हा मंडळी, फेकण्याआधी मला एक हाक मारा. निघतो आता... नाही, थांबतो जरा. आत पेपरमिंटचा काय सुरेख वास सुटलाय!