चौकटीवरची अक्षरं

सारजाबाईचा बलभीम पोलिसात लागला आणि समोरच्या धुरपदाबाईला अन्न गोड लागेना. तिचा मच्छिंद्र काही रिकामा नव्हता, कळंब डेपोत कंडक्टर होता. पण पोलिसाची आई म्हणून सारजाला गाव वाट द्यायचं आणि कंडक्टरच्या आईला फक्त गाडीची वेळ विचारायचं.

त्यात सोसायटीच्या भिंतीवर ‘विना सहकार नाही उद्धार’ लिहायला बब्रुवान पेंटर गावात आला. सारजानं उरलेल्या रंगात आपल्या चौकटीवर पोलिसांचं ब्रीदवाक्य काढून घेतलं: ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. दार उघडलं की ते धुरपदाच्या डोळ्यांत खुपायचं.

तिनं बब्रुवानला ओढूनच आणला. “आमच्या एस्टीचं बी आसंल की आसलं कायतरी.”

“हाय की. बहुजन हिताय, बहुजन सुखाय.”

“काढ. तिच्यापरीस मोठं.”

“अर्थ म्हाईत हाय का, मावशी?”

“अर्थ काय चाटायचाय? सारजाच्या वट्यावरनं दिसाया पायजे.”

अक्षरं टोपल्याएवढी उतरली. सारजा कधी बघते म्हणून धुरपदा भर उन्हात ओट्यावर बसून राहिली. त्या बाईनं मान म्हणून वर केली नाही.

त्या साली पावसानं दगा दिला. उन्हाळ्यात गावविहीर आटली, पाणी उरलं ते धुरपदाच्या परसातल्या आडात. तिनं आडावर फळ्या टाकून कुलूप घातलं. म्हशी जगवायच्या होत्याच, पण सारजाला रिकामी घागर घेऊन हिंडताना बघून तिला खरा गारवा वाटायचा.

एका सकाळी दारात घागरींची रांग लागली. पुढं सारजा.

“कुणी बोलीवलं तुमास्नी?”

सारजानं चौकटीकडं बोट केलं. “बलभीम सुट्टीला आलाय, त्यानं वाचून सांगितलं. समद्यांच्या भल्यासाठी, समद्यांच्या सुखासाठी. आमचं वाक्य नुसता धाक दावतंय, धुरपदा. तुजं लई मोठं हाय.”

एवढं ऐकण्यासाठीच तर धुरपदानं सारा खटाटोप केला होता. आता नाही म्हणावं, तर अक्षरं खरवडून टाकावी लागणार, आणि समोर सारजाची तशीच राहणार.

तिनं कमरेची किल्ली काढली. “वळीनं या. आन सारजा, तू शेवटाला.”

“चालंल की,” म्हणत सारजा घागर उचलून मागं निघाली. पण पोलिसाची आई ती, बायांनीच तिला वाट करून दिली आणि पुन्हा पुढं आणली.

पहिली घागर सारजाचीच भरली, धुरपदाच्या हातानं.